गणपती ते दिवाळी: सोसायटीच्या बागेतले पाहुणे पक्षी कसे बघायचे, कसे ओळखायचे

ऑक्टोबर उजाडला की दरवर्षी एकाच पक्ष्याचे फोटो मला पाच-सहा जणांकडून येतात. पानाआड बसलेला इवलासा पक्षी, मळकट पिवळं पोट आणि गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध काळी रेघ. खाली प्रश्न: "हा सायबेरियातून आलाय का?" तो असतो आपला बारमाही शिंजीर. वीण संपली की नर आपली चकचकीत जांभळी पिसं टाकतो आणि काही महिने असा मळक्या कपड्यांत वावरतो. त्याच बागेत, फोटो काढणाऱ्यापासून दहा पावलांवर, टाकीच्या गळक्या पाइपाखाली हिमालयातून उतरलेला करडा धोबी शेपटी वरखाली करत किडे टिपत असतो. त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं नसतं.

याचं कारण एकच. आपण सुरुवात पाहुण्यांपासून, म्हणजे हिवाळ्यासाठी बाहेरून येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांपासून करतो. घरचे कोण हे पक्कं माहीत नसेल, तर पाहुणा ओळखायचा कसा? म्हणून खालचा क्रम मोडू नका. सातवी पायरी वाचून थेट दुर्बीण घेऊन निघालात, तर पुढच्या ऑक्टोबरलाही तोच शिंजीराचा फोटो पाठवाल.

हे सगळं पुणे आणि आसपासची उपनगरं डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. मुंबई, नाशिक, नागपूरकडे तारखा थोड्या मागेपुढे होतील, एखाद-दुसरा पक्षी बदलेल. पद्धत तीच राहील.

## १. ऑगस्टमध्ये घरचे पक्षी पाठ करा

तयारी श्रावणातच सुरू व्हायला हवी. या महिन्यात पाहुणे जवळजवळ नसतात, त्यामुळे बागेत जे दिसतं ते घरचंच, असं धरून चालता येतं. रोज पंधरा मिनिटं काढा आणि एवढे पक्षी आवाजासकट ओळखायला शिका: बुलबुल, साळुंकी, दयाळ, चिरक, शिंपी, राखी वटवट्या, शिंजीर, चष्मेवाला, नाचरा, तांबट, वेडा राघू, कोतवाल, होला, भारद्वाज, कोकिळा, खंड्या, शिक्रा. कावळा, कबुतर, घार, पोपट तुम्हाला येतातच.

यादी मोठी वाटेल, पण ही माणसं रोजची आहेत. आठवड्याला चार पक्षी धरले तरी महिन्याभरात होतात.

फसवणारे काही पक्षी आधीच सांगून ठेवतो, कारण दरवर्षी गोंधळ यांच्यावरूनच होतो:

दयाळाची पिल्लं. पावसाळ्यात घरट्याबाहेर पडलेल्या पिल्लांची छाती तांबूस ठिपक्यांची असते. आईबापांसारखी काळी-पांढरी स्वच्छ नसते. लोक या पिल्लांना कस्तूर हा वेगळाच पक्षी समजतात. पंखावरचा पांढरा पट्टा आणि वर उचललेली शेपटी बघा.

शिंपी. हिरवट पाठ, बारीक चोच, सतत हालचाल, त्यामुळे परदेशी वटवट्या म्हणून खपून जातो. डोक्यावरचा तांबूस रंग आणि उभी शेपटी दिसली की शिंपी. एवढ्याशा जीवाचा आवाज मात्र अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असा.

चिरकाची मादी. मळकट तपकिरी, शेपटी उभी, शेपटीच्या बुडाखाली विटकरी डाग. थिरथिरा या हिवाळी पाहुण्याच्या मादीशी तिची हमखास गल्लत होते. फरक पुढे सातव्या पायरीत आहे.

पांढऱ्या भुवईचा धोबी. हा इथलाच, बारमाही. डोकं, पाठ, छाती काळी आणि डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई. हिवाळी पाहुणा असलेल्या पांढऱ्या धोब्याचा चेहरा पांढरा आणि पाठ राखाडी असते. दोघं एकाच हिरवळीवर दिसू शकतात.

शिक्र्याचं पिल्लू. पाठ तपकिरी, छातीवर उभ्या रेघा. मोठ्या शिक्र्यासारखं दिसत नाही म्हणून लगेच "नवीन ससाणा" ठरतो.

> तपासा: बागेत डोळे मिटून दहा मिनिटं बसा. ऐकू आलेल्या आवाजांतले निम्मे तरी कुणाचे हे सांगता आलं, तर पुढची पायरी. आणि तो अखंड "चिक-चिक-चिक-चिक" खारीचा आहे ना, याची खात्री करा. खारीला पक्षी समजून तासभर झाड धुंडाळलेले अनेक जण मला भेटले आहेत.

## २. तीन जागा ठरवा, चौथीचा हव्यास नको

उद्यानाला फेऱ्या मारत पक्षी बघणं ही दुसरी मोठी चूक. फेरीत तुम्ही हलता, पक्षी बुजतो, आणि जे दिसतं ते पाठमोरं. पाहुणा पक्षी आला की आपली एक जागा धरतो आणि बऱ्याचदा हिवाळाभर तिथेच राहतो. पायांत कड्या घालून केलेल्या अभ्यासांतून हेही दिसलं आहे की काही पक्षी पुढच्या वर्षीही नेमके त्याच जागी परततात. तेव्हा तुम्हीही जागा धरा.

सोसायटीत किंवा जवळच्या बागेत या तीन गोष्टी शोधा:

एक मोठं, जुनं झाड. रेन ट्री, वड, पिंपळ, उंबर, कडुनिंब, करंज यांतलं काहीही चालेल. शेंड्याकडच्या पानांत पर्णवटवट्ये, म्हणजे किडे टिपणारे हिरवट इवलेसे पाहुणे, फिरतात. उंबर-पिंपळाला फळं धरली असतील तर हळद्या आणि भोरड्या तिथे येण्याची शक्यता मोठी.

एक दाट झुडूप किंवा कुंपण. मेंदी, जास्वंद, कोपऱ्यात माजलेली घाणेरी. बोरू वटवट्या इथे. तो सहसा वर येत नाही, त्यामुळे उंच झाडं बघणाऱ्यांना तो कधी दिसतच नाही.

एक ओली जागा. टाकीचा ओव्हरफ्लो, बागेच्या नळाजवळचा चिखल, सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाकीची गटार. धोब्यांसाठी याहून चांगली जागा नाही. सुंदर लॉनपेक्षा गळका नळ बघा.

बसायची जागा अशी निवडा की सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी राहील, म्हणजे झाड तुमच्या पश्चिमेला हवं. उजेडाच्या विरुद्ध बघितलेला प्रत्येक वटवट्या काळा दिसतो आणि प्रत्येक माशीमार सारखाच.

माळीकाकांशी आत्ताच बोलून ठेवा. सप्टेंबर ते नोव्हेंबर झुडपांची मोठी छाटणी नको, एका कोपऱ्यातला पालापाचोळा झाडू नका, एवढीच विनंती करा. पाचोळ्यात किडे असतात, आणि दक्षिणेकडे परतणारा नवरंग किंवा वाट काढत आलेला रानधोबी अशाच कोपऱ्यात उतरतो. समितीच्या बैठकीत पत्र देण्यापेक्षा माळीकाकांना एकदा दुर्बिणीतून पक्षी दाखवा. आमच्याकडे त्यानंतर तो कोपरा कुणी झाडला नाही.

## ३. पाणी ठेवा, दाणे ठेवू नका

आपल्याकडे पक्षी म्हटलं की हात ज्वारी-बाजरीकडे जातो. या हंगामात बागेत येणारे बहुतेक पाहुणे किडे खाणारे आहेत. दाण्यांवर कबुतरं येतात, ती जागा अडवतात आणि लहान पक्षी लांब राहतात. गाठीशेव, भात, बिस्किटं तर नकोच.

पाणी मात्र सगळ्यांना लागतं, आणि ऑक्टोबरच्या उन्हात जास्तच.

- मातीची पसरट परळ घ्या. पाणी मधोमध दोन इंचांहून खोल नको. आत एक खडबडीत दगड ठेवा, म्हणजे लहान पक्ष्याला पाय टेकता येतो.
- सावलीत, झुडपापासून चार-पाच फुटांवर ठेवा. झुडपाला चिकटून ठेवलीत तर मांजराला आयतीच दबा धरायला जागा.
- पाणी रोज बदला आणि काथ्याने परळ घासा. हे दिवस डेंग्यूचे आहेत, साचलेलं पाणी चालणार नाही.
- वर प्लॅस्टिकची बाटली टांगून बुडाला सुईने भोक पाडा. थेंबथेंब पडणाऱ्या पाण्याचा आवाज पक्ष्यांना फार लवकर कळतो.

> इशारा: दोन दिवसांसाठी गावाला जाणार असाल तर परळ पालथी घालून जा.

## ४. दुर्बीण बसवून घ्या

विकत घ्यायची असेल तर ८×४२, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. दहा पटीची मोहात पाडते, पण हात हलला की चित्रही तेवढंच जास्त हलतं आणि दिसणारा भाग अरुंद होतो. पानांत उड्या मारणाऱ्या आठ ग्रॅमच्या पक्ष्यामागे आठ पटच बरी.

घेतलेली दुर्बीण नीट बसवणं बहुतेक जण विसरतात, मग "मला धूसरच दिसतं" म्हणून बाजूला ठेवून देतात. पाच मिनिटांचं काम आहे:

१. दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ दिसेल असं करा.
२. उजव्या बाजूचं पुढचं भिंग हाताने झाका. डाव्या डोळ्याने समोरची पाटी बघत मधलं चाक फिरवा, अक्षरं स्पष्ट होईपर्यंत.
३. आता डावं झाका. मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. ही कडी पुन्हा हलवायची नाही.
४. चष्मा असेल तर डोळ्यांजवळचे रबरी कप आत दाबा, नसेल तर बाहेर काढा.

मग सराव. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. नजर खाली वळवून दुर्बिणीकडे पाहिलंत की पक्षी हरवला. कावळ्यावर वीस वेळा करून बघा, तो तक्रार करत नाही.

## ५. वेळ ठरवा आणि खरोखर बसा

सूर्योदयानंतरचे दोन तास. ऑक्टोबरमध्ये पुण्यात साधारण साडेसहा ते साडेआठ. दहानंतर उन्हाचा चटका वाढतो, झाडं गप्प होतात, आणि लोक "काहीच नव्हतं" म्हणून घरी जातात. सकाळ जमत नसेल तर साडेचारनंतर अंधार पडेपर्यंत.

हे लहान पक्षी मुख्यतः रात्री उडतात आणि पहाटे उतरतात. रात्री पाऊस थांबून आभाळ मोकळं झालं असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी जागेवर असाच.

बसल्यावर पहिली दहा मिनिटं काही करू नका. दुर्बीण मांडीवर, मोबाइल खिशात. तुम्ही आल्यामुळे गप्प झालेली बाग पुन्हा बोलू लागायला साधारण एवढा वेळ लागतो. मी कितीतरी लोकांना आठव्या मिनिटाला उठताना पाहिलं आहे.

कुणाची अपेक्षा कधी करायची, याचा ढोबळ अंदाज असा:

ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य: करडा धोबी. बहुधा सगळ्यांत आधी हाच. भोरड्यांचे पहिले थवेही.

सप्टेंबर: हिरवट पर्णवटवट्या, बोरू वटवट्या, तारांवर माळभिंगऱ्या. कोकिळकुळातले वाटसरूही याच सुमारास जातात, आणि पावसाबरोबर आलेला चातक परतीला लागलेला असतो.

ऑक्टोबर: थिरथिरा, लाल छातीचा माशीमार, पांढरा धोबी. अधूनमधून मान वर करून घारींमध्ये कुणी वेगळं घिरट्या घालतंय का तेही बघा.

नोव्हेंबर: नवे येणारे कमी होतात, आलेले स्थिरावतात.

गणपतीत धोबी, दसऱ्याला थिरथिरा, असं आपण बोलताना म्हणतो आणि लक्षात ठेवायला ते सोपंही आहे. वहीत मात्र इंग्रजी तारीखच लिहा. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे ती १४ सप्टेंबरला येते. अठरा दिवसांचा फरक! पक्षी पंचांग बघून निघत नाही. सणावरून नोंद ठेवलीत तर "यंदा धोबी आधीच आला" असं उगाच वाटेल.

## ६. आधी कान, मग डोळे

झाडाच्या शेंड्यात पानाच्या रंगाचा, पानापेक्षा लहान पक्षी. तो डोळ्यांनी शोधायला गेलात तर मान दुखेल. आवाज ओळखा, दिशा धरा, मग त्या फांदीकडे बघत थांबा.

चार आवाज पुरे आहेत:

- "चिस्-वी": दोन अक्षरी, धारदार, झाडाच्या वरच्या भागातून पुन्हा पुन्हा. हिरवट पर्णवटवट्या. एकदा कानात बसला की शहरभर सगळीकडे ऐकू यायला लागेल, रिक्षाच्या आवाजातसुद्धा.
- "टक्... टक्": झुडपाच्या पोटातून, कुणी दोन गोट्या आपटाव्यात तसा. बोरू वटवट्या.
- "ट्रर्रर्र": कोरडा, छोटा खडखडाट, सावलीतल्या मधल्या फांद्यांतून. लाल छातीचा माशीमार.
- "चिझिक्": धातूच्या किणकिणीसारखा, बहुधा उडता उडता. धोबी.

मोबाइलवरचं मर्लिन ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं. भारतातल्या पक्ष्यांचा संच त्यात आधी उतरवून घ्या. पण त्याने सुचवलेलं नाव ही टीप समजा, निकाल नव्हे. वाहतुकीच्या गोंगाटात ते चुकतं. ॲपने नाव दाखवलं आणि तुम्हाला पक्षी ना दिसला ना आवाज ओळखू आला, तर ती नोंद करायची नाही.

> इशारा: पक्षी बाहेर यावा म्हणून त्याचाच आवाज मोबाइलवर वाजवू नका. हजारो किलोमीटर उडून आलेला जीव आपली जागा कुणी बळकावली म्हणून धावत येतो, खाणं सोडून. तुम्हाला एक फोटो मिळतो, त्याची सकाळ जाते.

## ७. ओळख पटवण्याचा क्रम: रंग सगळ्यांत शेवटी

"हिरवा होता, पोट पांढरं होतं." एवढ्या वर्णनावर कुणीही कुठलाच पक्षी ओळखू शकणार नाही. पानांखालचा उजेड सगळ्यांना हिरवट करतो, शरदात कित्येक पक्षी पिसं बदलत असतात, आणि येणाऱ्यांत माद्या आणि पहिल्याच वर्षाची पिल्लं पुष्कळ, जी पुस्तकातल्या नरासारखी दिसत नाहीत. म्हणून मनात हा क्रम धरा:

१. कुठे आहे? शेंडा, मधल्या फांद्या, झुडूप, जमीन, भिंत.
२. काय करतोय? विशेषतः शेपटीचं काय चाललंय.
३. केवढा आहे? चिमणीपेक्षा लहान, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा.
४. चोच कशी? सुईसारखी, पसरट, जाड.
५. खुणा: भुवई, पंखावरची पट्टी, शेपटीतला पांढरा.
६. रंग.

पहिल्या दोन प्रश्नांतच बरंचसं काम होतं. आता एकेक पक्षी.

करडा धोबी. जमिनीवर, पाण्यालगत. पाठ राखाडी, शेपटी लांबलचक, शेपटीखाली पिवळाधमक रंग. कंबरेपासूनचा भाग सतत वरखाली डोलतो, उभा असतानाही. पिवळं दिसलं की लोक "पिवळा धोबी" म्हणतात. पिवळ्या धोब्याची शेपटी आखूड, पाठ हिरवट, आणि त्याला माळरानं, शेतं, तळ्याकाठची ओली गवतं प्रिय. इमारतीच्या पंपाजवळ एकटाच फिरणारा बहुतेक वेळा करडाच. आमच्या पंपरूमबाहेर दीड हात रुंदीचा ओला सिमेंटचा पट्टा आहे. एक करडा धोबी त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, कडेला थांबतो, भिंतीवरचा डास उडी मारून टिपतो आणि परत फिरतो. पंप सुरू झाला की छपरावर, बंद झाला की पुन्हा खाली. वॉचमनची खुर्ची चार फुटांवर असते, तिचं त्याला काही वाटत नाही.

हिरवट पर्णवटवट्या. शेंड्यात, क्षणभर स्थिर नाही. चिमणीपेक्षा बराच लहान. लांब फिकट भुवई आणि मिटलेल्या पंखावर एक बारीक फिकट पट्टी. ती पट्टी झिजलेल्या पिसांत दिसत नाही, तेव्हा आवाजावर भर द्या. आवाज ऐकला नसेल तर वहीत नुसतं "पर्णवटवट्या" लिहा. याचे भाऊबंद पुष्कळ आहेत, आणि जाणकारही न ऐकता ठामपणे सांगत नाहीत.

बोरू वटवट्या. झुडपात. अंगावर खूण म्हणावी अशी काहीच नाही, सगळा सपाट तपकिरी, चोच जरा लांब. हीच त्याची खूण. कुंपणाची फांदी हलते, "टक्" येतं, पक्षी दिसत नाही. अशा वेळी झुडपात वाकून बघू नका. सात-आठ फूट मागे सरा आणि झुडपाच्या कडेवर नजर ठेवा, तो कडेला येतोच.

लाल छातीचा माशीमार. नावाने सगळ्यांत जास्त फसवलेला पक्षी. नारिंगी-लाल गळा फक्त मोठ्या नराला. तुम्हाला दिसणारे बरेचसे फिकट तपकिरी असतील. शेपटी बघा: काळी, आणि बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे तुकडे. शेपटी झटक्यात वर उचलतो, तेव्हा ते चमकतात. सावलीतल्या फांदीवरून उडून माशी पकडतो, कधी जमिनीवरही उतरतो. हा पूर्व युरोप आणि पश्चिम रशियाकडून येतो, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेला सरकत. "सगळे पाहुणे सायबेरियातून" हे डोक्यातून काढून टाकायला हा एक पुरे.

थिरथिरा. गच्चीचा कठडा, कंपाउंडची भिंत, बांधकामाचा ढिगारा. इथे झाड बघायचं नाही. नर वरून काळा, पोट विटकरी. मादी तपकिरी. दोघांचीही शेपटी विटकरी आणि ती सतत थरथरते, त्यावरून तर नाव पडलं. चिरकाच्या मादीशी तुलना करा: चिरक शेपटी उभी धरते आणि तिची शेपटी काळसर असते, विटकरी रंग फक्त बुडाखाली. थिरथिऱ्याची शेपटी खाली असते आणि उडताना पाठीमागून विटकरी रंग झळकतो.

माळभिंगरी. तारांवर रांगेने. गळा तांबूस, त्याखाली गडद पट्टा. पट्टा नसेल तर आपल्याकडच्या बारमाही भिंगऱ्यांपैकी कुणीतरी.

> तपासा: नाव लिहिण्याआधी स्वतःला विचारा, "हा घरच्यांपैकी कुणाचं पिल्लू, मादी किंवा पिसं बदलणारा नर तर नाही?" उत्तर नक्की नाही असं आलं तरच पाहुणा.

## ८. त्याच दिवशी, जागेवरच नोंद

घरी जाऊन आठवून लिहिलेल्या नोंदीत पक्षी सुंदर होत जातात. जागेवर लिहा: तारीख, सुरुवातीची वेळ, किती मिनिटं बसलात, आभाळ कसं होतं, कोण दिसलं, किती, कुठल्या झाडावर.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकत असाल तर (तिथे मराठी नावं निवडता येतात) नेहमी होणाऱ्या चुका अशा. कबुतरं-कावळे वगळून फक्त "खास" पक्षी लिहिले जातात आणि तरी "दिसलेले सगळे पक्षी नोंदवले का" याला हो म्हटलं जातं. एका जागी बसून केलेली नोंद फिरती म्हणून टाकली जाते. आणि तीन तासांची एकच लांब यादी केली जाते, त्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटांच्या छोट्या याद्या कितीतरी उपयोगाच्या.

ज्या दिवशी पाहुणा दिसला नाही, त्या दिवशीही यादी करा. "१० सप्टेंबरपर्यंत धोबी नाही, ११ ला आहे" हे तेव्हाच म्हणता येतं, जेव्हा १० तारखेचं पान रिकामं नसतं.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, पक्षी-अभ्यासक मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून. सोसायटीतल्या मुलांना बरोबर घ्यायचं असेल तर हा आठवडा धरा. तोवर पाहुणे स्थिरावलेले असतात, "इथे थिरथिरा बसतो" असं बोट दाखवून सांगता येतं.

## ९. काच, मांजर आणि शेजारी

नव्या इमारतींच्या मोठ्या काचांत आभाळ आणि झाड दिसतं, पक्षी त्यात शिरायला जातो. काचेच्या बाहेरच्या बाजूने दोन-दोन इंचांवर ठिपके किंवा पट्ट्या लावा. एकच मोठं स्टिकर लावून उपयोग नाही, पक्षी त्याच्या शेजारून जातो.

आपटलेला पक्षी सापडला तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी तास-दोन तास ठेवा. चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. दर पाच मिनिटांनी उघडून बघू नका. नंतर खोकं बाहेर नेऊन उघडा. उडाला नाही तर वनविभागाची हॅलो फॉरेस्ट मदतवाहिनी १९२६.

कबुतरांसाठी लावलेल्या गॅलरीच्या जाळ्या ढिल्या असतील तर ताणून घ्या, लहान पक्षी त्यांत अडकतात.

आणि शेजारी. उपनगरात दुर्बीण घेऊन बसलेला माणूस लोकांना संशयास्पद वाटणारच, त्यात त्यांची चूक नाही. पहिल्याच दिवशी वॉचमन आणि सेक्रेटरी यांना सांगून ठेवा. पक्षी उडून कुणाच्या गॅलरीवर बसला तर दुर्बीण खाली घ्या, मग तो कितीही दुर्मिळ असो.

## १०. दिवाळीनंतरचं काम

फटाक्यांच्या चार-पाच दिवसांत बाग ओस वाटेल. बसणं थांबवू नका, फक्त वहीत "फटाके" असा शेरा मारा, नाहीतर पुढच्या वर्षी तुम्हालाच कळणार नाही की त्या आठवड्यात नोंदी का घसरल्या.

नोव्हेंबरअखेरीस वही उघडून दोन गट करा. एकदा-दोनदाच दिसले ते वाटसरू. त्याच झाडावर, त्याच भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसले ते मुक्कामी. मुक्काम्यांची जागा नकाशावर खूण करून ठेवा, पुढच्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा तिथेच बघायचं आहे.

डिसेंबर ते फेब्रुवारी आठवड्यातून एकदा बसलात तरी चालेल. मार्चच्या मध्यापासून पुन्हा रोज. येण्याची तारीख सगळे लिहितात, जाण्याची कुणाकडेच नसते, कारण पक्षी जाताना सांगत नाही. एक दिवस पंपरूमबाहेरचा ओला पट्टा रिकामा असतो. दुसऱ्या दिवशीही. सलग सात दिवस तो रिकामा दिसला की मागे जाऊन शेवटच्या नोंदीखाली रेघ मारायची आणि समोर लिहायचं: गेला.